फ्रिज दर आठवड्याला पुसूनही वास का येतो

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा: दर आठवड्याला फ्रिज रिकामा करून व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसता, खायच्या सोड्याची वाटीही आत ठेवली आहे, तरी दोन-तीन दिवसांत वास परत येतो. दूध पाकिटावरच्या तारखेआधीच नासतं. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं. घरात एक जण गरोदर आहे, त्यामुळे धास्ती जास्त. आणि विचारलंय एवढंच, की पुसायला याहून जालीम असं कोणतं लिक्विड आहे.

लिक्विडचं पुढे सांगतो, पण ते बदलून तुमचं काम भागणार नाही. मी फ्रिज दुरुस्तीचं काम करतो. वास, नासणारं दूध आणि साचणारं पाणी या तीन तक्रारी एकाच घरातून आल्या की साबण-फडक्याचा विचार मी सगळ्यांत शेवटी करतो. आधी दोन गोष्टी बघतो: आत खरोखर किती थंड आहे, आणि आत तयार होणारं पाणी बाहेर पडतंय का. तुम्ही पुसताय ते कप्पे, म्हणजे मुळात जी जागा बऱ्यापैकी स्वच्छच असते ती. वास येतो तो हात न पोचणाऱ्या जागांतून, आणि तो लवकर येतो कारण आत पुरेसं थंड नाही.

एक गोष्ट तुमच्या फ्रिजवर अवलंबून आहे आणि ती तुम्ही लिहिलेली नाही: तो डायरेक्ट कूल आहे की फ्रॉस्ट फ्री. फ्रीजरमध्ये बर्फाचा थर धरत असेल आणि तो वितळवायला बटण दाबावं लागत असेल, तर डायरेक्ट कूल. फ्रीजरच्या भिंती कोरड्या राहत असतील, आतून पंख्याचा बारीक आवाज येत असेल आणि मागच्या भिंतीला हवेच्या फटी असतील, तर फ्रॉस्ट फ्री. दोन्हींत थंडी पसरण्याची आणि पाणी जाण्याची वाट वेगळी आहे, म्हणून खाली दोन्हींचं वेगवेगळं सांगतो.

आता तापमान. नॉबवरचे १ ते ५ किंवा १ ते ७ हे आकडे अंश नव्हेत. बहुतेक फ्रिजांत मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, एवढाच त्यांचा अर्थ. डिजिटल पॅनेलवर '३' दिसत असेल तर तोही बऱ्याचदा तुम्ही मागितलेला आकडा असतो, तुमच्या दुधाचं तापमान तेवढं असेलच असं नाही. म्हणून फ्रिजमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा. (ताप मोजायचा चालत नाही, तो इतका खाली उतरत नाही.) पाण्याने भरलेल्या ग्लासात तो बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचा. पाण्यातच का, तर दार उघडलं की हवेचा आकडा लगेच उडी मारतो, पाण्याचा मारत नाही, आणि अन्नाचं तापमान पाण्यासारखंच वागतं. ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आलं तर उत्तम. त्याहून वर असेल तर नॉब एक घर पुढे सरकवा आणि पूर्ण एक दिवस जाऊ देऊन पुन्हा मोजा. तासाभरात फरक बघायला जाल तर फसाल. फ्रीजरमध्ये उणे १८ हवं.

या आकड्याला मी इतका का चिकटतो? साधारण ५ ते ६० अंश ही जंतूंच्या वाढीची सोयीची पट्टी आहे. परिस्थिती अगदी अनुकूल असेल तर काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. फ्रिज त्यांना मारत नाही, फक्त संथ करतो. पाश्चराइज केलेल्या दुधातही थोडे जंतू उरलेले असतात, आणि त्यांतले थंडी सोसणारे ४ अंशांवर रेंगाळतात, पण ९-१० वर चांगलेच वेग धरतात. तुमचं दूध तारखेआधी नासतंय, त्यावरून माझा अंदाज आहे की तुमचा ग्लास ८-९ च्या आसपास काहीतरी दाखवेल. दूध दारात ठेवत असाल तर त्यात आणखी भर पडते, कारण दार ही फ्रिजमधली सगळ्यांत उबदार जागा. तिथे सॉस, लोणची, पाण्याच्या बाटल्या ठेवा. दूध आणि अंडी आतल्या कप्प्यात.

आकडा वर आला तर लगेच मेकॅनिकला बोलावू नका. निम्म्याहून जास्त वेळा कारण घरच्या घरी सापडतं.

मी पहिल्यांदा दाराचं रबर बघतो. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे रबर बसत नाही. असं वर, खाली, दोन्ही बाजूंना आणि विशेषतः बिजागरीकडे करून बघा. दुसरी युक्ती: रात्री खोलीतला दिवा बंद करून चालू टॉर्च फ्रिजमध्ये ठेवा, दार लावा आणि कडेने उजेड झिरपतोय का बघा. झिरपत असेल, तर तिथून दिवसभर बाहेरची दमट हवा आत येते, आतल्या गार भिंतींवर तिचं पाणी होतं, आणि कॉम्प्रेसर न थांबता चालत राहतो. पण रबर बदलण्याआधी ते धुवून बघा. त्याच्या घड्या बोटाने उलगडल्या की आत काळी बुरशी, सांडलेल्या दुधाचा थर, अन्नाचे कण, काय वाट्टेल ते निघतं, आणि त्या थरामुळेच रबर नीट चिकटत नाही. जुना मऊ टूथब्रश आणि कोमट साबणपाणी पुरतं. एखादी जागा दबून बसली असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ दाबून धरलं की रबर बऱ्याचदा मूळ आकारावर येतं. फाटलं असेल तर मात्र बदलायलाच हवं. आणि फ्रिजचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे अर्धवट सोडलेलं दार आपोआप लागतं.

दुसरं कारण हवेची कोंडी. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये पंखा फ्रीजरकडची गार हवा फटींतून खाली सोडतो. त्या फटींना टेकून मोठं पातेलं ठेवलं की त्याच्या पलीकडे थंडी जात नाही. मागे ठेवलेली पालेभाजी गोठते आणि पुढे ठेवलेलं दूध नासतं, असं दोन्ही एकाच वेळी दिसलं तर शंका घ्यायला नको, कारण हेच आहे. मागच्या भिंतीपासून दोन-तीन बोटं जागा सोडा. फ्रिज गच्च भरू नये. फ्रीजर मात्र भरलेला चांगला, कारण गोठलेल्या वस्तू एकमेकींना गार ठेवतात.

डायरेक्ट कूलमध्ये कोंडी बर्फाची असते. फ्रीजरच्या भिंतीवर पाच-सहा मिलिमीटरहून जाड थर आला की तोच बर्फ थंडी अडवून धरतो, म्हणून त्याआधीच डिफ्रॉस्ट करा. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका. हे मी पोटतिडकीने सांगतोय. त्या पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसच्या वाहिन्या असतात, एक भोक पडलं की सगळा गॅस बाहेर, आणि ती दुरुस्ती अनेकदा परवडतच नाही. शिवाय हल्लीच्या बऱ्याच फ्रिजांत आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो विषारी नाही, पण पेट घेतो. प्रमाण थोडं असतं, तरी खरवडताना फस्सकन आवाज आला तर खिडक्या उघडा, जवळपास ज्योत पेटवू नका आणि बटणांना हात लावू नका. पूर्वीचे गॅस याहून वाईट होते: अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड. बर्लिनमध्ये गळक्या फ्रिजच्या विषारी वायूने एक कुटुंब दगावल्याची बातमी वाचून आइनस्टाइन आणि भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांनी हलणारे भागच नसलेला फ्रिज बनवायला घेतला होता. १९३० मध्ये त्यांना त्याचं अमेरिकी पेटंटही मिळालं. तो घराघरांत पोचला नाही, आणि खरवडायची सवयही गेली नाही.

तिसरं कारण मागची जाळी. तिच्यावर धूळ-जळमटं बसली की आतून काढलेली उष्णता बाहेर टाकता येत नाही. प्लग काढून मऊ ब्रशने झाडा. मागे जाळी दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्यांच्या आत असते. म्हणूनच नव्या फ्रिजच्या बाजू गरम लागतात, तो बिघाड नव्हे. तिथे भिंत किंवा कपाट चिकटलेलं नको, एवढं बघा.

आणि चौथं, गरम पातेलं. 'गरम काही फ्रिजमध्ये ठेवू नये' हे सगळ्यांना पाठ असतं, आणि त्यापायी मोठं पातेलं रात्रभर ओट्यावर राहतं, जे जास्त धोक्याचं आहे. खोल पातेल्याच्या मध्यभागची उष्णता उतरायला कित्येक तास लागतात, आणि तेवढा वेळ तो भाग जंतूंच्या सोयीच्या पट्टीत असतो. शिजवलेल्या भाताचं तर खास सांगायला हवं. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की ते जागे होतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. म्हणून शिजवलेलं अन्न दोन-तीन उथळ डब्यांत पसरा, वाफ जाऊ द्या, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. खोलीत ३२ अंशांहून जास्त उकाडा असेल तर तासाभरात. कोमट उथळ डब्याने फ्रिजला काही होत नाही. वाफाळतं मोठं पातेलं मात्र शेजारच्या सगळ्यांना गरम करतं.

इथवरचं थोडक्यात: ग्लासातला आकडा बघा, मग रबर, मग फटी किंवा बर्फ, मग जाळी, मग स्वतःची डबे भरायची पद्धत. याच क्रमाने, कारण पहिल्या दोनांतच बहुतेकांचं उत्तर मिळतं.

आता पाणी आणि वास. तुमच्या बाबतीत मला हे दोन्ही एकच वाटतात. बहुतेक फ्रिजांत वितळलेल्या बर्फाचं पाणी एका भोकातून नळीत आणि नळीतून मागे, कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं. कॉम्प्रेसरच्या उबेने ते तिथे सुकतं. डायरेक्ट कूलमध्ये भोक फ्रीजरखालच्या ट्रेपाशी किंवा मागच्या भिंतीच्या तळाशी दिसतं. फ्रॉस्ट फ्रीमध्ये ते फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असतं. त्यात भाजीचं पान, पिशवीचा तुकडा किंवा नुसता बुळबुळीत थर अडकला की पाणी उलटं फिरून भाजीच्या ट्रेखाली येतं. नळीतला तो थर म्हणजे कुजलेलं पाणीच. तुम्ही कप्पे कितीही पुसा, दार लागल्यावर वास तिथून येत राहतो.

भोक दिसत असेल तर प्लग काढून, सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने कोमट सोड्याचं पाणी हळूहळू सोडा. मागच्या ट्रेमध्ये ते पडल्याचा आवाज आला की वाट मोकळी झाली. फ्रिजबरोबर प्लास्टिकची बारीक काडी आली असेल तर ती खास याचसाठी असते. तार खुपसू नका, नळी फाटते. फ्रॉस्ट फ्रीमध्ये पॅनेल स्वतः उघडू नका. आत हीटर, सेन्सर आणि वायरी आहेत.

मग मागचा ट्रे बघा. हा बघितलेला माणूस मला क्वचितच भेटतो. काही फ्रिजांत तो सरकवून निघतो, काहींत कॉम्प्रेसरवर पक्का बसवलेला असतो आणि जागेवरच पुसावा लागतो. त्यातलं पाणी सुकलं नाही तर शेवाळ धरतं, डासांच्या अळ्याही होतात. पूर्ण सफाईच्या वेळी तोही स्वच्छ करायलाच हवा.

तुमच्या सोड्याच्या वाटीबद्दल: ती निरुपयोगी नाही, पण वाटीतल्या सोड्याचा हवेशी संबंध येतो तो फक्त वरच्या थराचा, आणि तो मुख्यतः आंबट वास धरतो. सक्रिय कोळसा याहून सरस. लिंबाची फोड वास झाकते, घालवत नाही. फ्रॉस्ट फ्रीमध्ये अनेकदा वरखाली एकच हवा फिरते, त्यामुळे खाली उघडी ठेवलेली मासळी वर बर्फाच्या तुकड्यांना वास लावते. झाकणबंद डबे हाच त्यावर उपाय. एक अवघड प्रकारही सांगून ठेवतो: फ्रिज बरेच दिवस बंद राहून आत मांस कुजलं आणि त्याचं पाणी भिंतीतल्या फोममध्ये मुरलं, तर तो वास निघत नाही. तशा फ्रिजवर पैसे घालू नका.

आता गरोदर बाईंचा मुद्दा. हा वासापेक्षा वेगळा आहे, आणि तसाच वेगळा ठेवा. अन्न नासवणारे जंतू वास, बुळबुळीतपणा, आंबटपणा दाखवतात. आजारी पाडणारे बहुधा काहीच दाखवत नाहीत. त्यांतला लिस्टेरिया हा फ्रिजच्या थंडीतही सावकाश वाढतो. २०१७-१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत खायला तयार अशा प्रक्रिया केलेल्या मांसातून त्याची मोठी साथ आली. हजारांहून जास्त रुग्ण, दोनशेंहून जास्त मृत्यू, आणि रुग्णांत नवजात बाळं फार होती. गरोदर बाईला स्वतःला साधा ताप-अंगदुखी होऊन जाते, पण गर्भाला धोका असतो, आणि लक्षणं खाल्ल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकतात. म्हणून तिला ताप आला तर डॉक्टरांना खाण्याबद्दलही सांगा.

फ्रिजपुरतं करायचं ते असं. कच्चं मांस-मासे सगळ्यांत खालच्या कप्प्यात, काठ असलेल्या बंद डब्यात, म्हणजे पाणी गळलं तरी खाली दुसरं काही नाही. न शिजवता खायच्या वस्तू वर. उरलेलं शिजवलेलं अन्न इतरांसाठी तीन-चार दिवस चालतं, तिच्यासाठी मी एक-दोन दिवसांपलीकडे जाणार नाही, आणि तेही वाफ निघेपर्यंत, मध्यभागी ७४ अंश होईल असं गरम करून. न तापवलेलं कच्चं दूध आणि त्याचं मऊ चीज तिला नको. डब्यावर तारीख लिहायची चिकटपट्टी लावा. 'हे परवाचं की तेरवाचं' हा वाद घरोघरी होतो आणि बहुतेक वेळा आशावादी माणूस जिंकतो. बुरशीचं म्हणाल तर कडक चीजचा बुरशी आलेला भाग भोवतीच्या अडीच सेंटिमीटरसह कापून उरलेलं चालतं. मऊ, ओलसर पदार्थ अख्खे टाका, कारण तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात.

आणि हो, लिक्विड. रोजच्यासाठी कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. वासासाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन टेबलस्पून खायचा सोडा. कच्च्या मांसाचं पाणी सांडलं असेल तर आधी साबणाने धुवा, मग लिटरभर पाण्यात एक लहान चमचा बिनवासाचं घरगुती ब्लीच घालून ते पुसा, काही मिनिटं ओलं राहू द्या आणि कोरडं होऊ द्या. मळावर ब्लीच नीट काम करत नाही, म्हणून साबण आधी. तुम्ही व्हिनेगर वापरता, म्हणून बजावून सांगतो: व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र येता कामा नयेत, त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही नाही. आणि काचेचे कप्पे थंडगार असताना गरम पाण्याखाली धरू नका, तडकतात; आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

दर आठवड्याला सगळा फ्रिज रिकामा करायची गरज नाही. त्यात अन्न तेवढा वेळ बाहेर राहतं, हेही बघा. सांडलं की तेव्हाच पुसणं, आठवड्यातून एकदा जुने डबे काढणं, आणि महिन्या-दीड महिन्याने रबर, भोक व ट्रेसह पूर्ण सफाई, एवढं पुरे. पूर्ण सफाईला प्लग काढूनच हात घाला, आणि परत लावताना पाचेक मिनिटं थांबा, कॉम्प्रेसरवर ताण येत नाही. फ्रिजच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर सफाई सोडा आणि आधी थ्री-पिन प्लग आणि अर्थिंग तपासून घ्या.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो, गच्च भरलेला फ्रीजर ४८ तास, अर्धा भरलेला २४. त्यानंतर दूध, मांस, शिजवलेलं अन्न यांची परीक्षा चव घेऊन करू नका.

हे सगळं करूनही ग्लासातला आकडा दोन दिवसांत ५ च्या खाली आला नाही, तर मेकॅनिकला बोलवा आणि त्याला नुसतं 'थंड होत नाही' असं सांगू नका. मधल्या कप्प्याचा आकडा, फ्रीजरचा आकडा, आणि कॉम्प्रेसर सारखा चालतो की मध्ये थांबतो, एवढं सांगा. फ्रीजर ठीक आणि खाली गरम, तर बहुधा पंखा, डिफ्रॉस्ट हीटर किंवा हवेची झडप. दोन्हीकडे गरम असेल तर प्रश्न मोठा असू शकतो. तो आल्या आल्या 'गॅस संपलाय, भरून देतो' म्हणाला तर गळती कुठे आहे ती आधी दाखवायला सांगा. फ्रिजचा गॅस बंद नळ्यांत फिरतो, वापरून संपत नाही. गळती न शोधता भरलेला गॅस काही दिवसांत पुन्हा त्याच भोकातून जातो.